टाके चालू असताना

धाकटीचे हात एकदा बघून घ्यावेत. लांब बोटं, नखं बारीक कापलेली, आणि हलणार नाहीत म्हणजे नाहीत. लहानपणी दादा किल्ल्या घासायला बसला की पकडीत किल्ली धरून ठेवायचं काम तिचं. चाक गरगर फिरायचं, ठिणग्या उडायच्या, शेजारच्या पोरी किंचाळत लांब पळायच्या, पण धाकटीच्या पकडीतली किल्ली केसभर सरकली असेल तर शपथ.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. शाळा बेताचीच झाली, पण त्याच्या हाताला उघडणार नाही असं कुलूप अजून कुठल्या कारखान्यात बनलेलं नाही. आई गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं, शिकवलं, नर्सच्या कपड्यात उभं केलं. आणि मग काय, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्लीबरोबर बहिणीची गोष्ट फुकट.

"हृदयाची ऑपरेशनं करते आमची धाकटी."

"डॉक्टर आहे का?"

"डॉक्टर असतो की. बाजूला उभा असतो."

गिऱ्हाईक हसायचं. दादा नाही हसायचा. तो खरंच तसं मानायचा, आणि का मानू नये? धाकटी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. मोठे सर, म्हणजे तिथले हृदयाचे मुख्य सर्जन, नुसता हात पुढे करायचे आणि तोंडातून शब्द निघायच्या आत हवं ते अवजार त्या हातात पडायचं. पण तिचं खरं काम दोरा धरायचं. सर टाका घालून सुई पुढे नेतात तेव्हा मागचा दोरा कुणीतरी ताणून धरावा लागतो, नाहीतर घातलेला टाका सैल पडतो. असिस्टंट डॉक्टरचे दोन्ही हात हृदय उचलून धरण्यात अडकलेले. मग दोरा कुणी धरायचा? धाकटीनं. फार ओढला तर मांस कापतं, कमी ओढला तर गळतं. सर दुसऱ्या कुणाच्या हाती दोरा देतच नसत.

त्या थिएटरचा एक नियम होता, सरांनी स्वतः घातलेला. टाके चालू असताना कुणी बोलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. हृदय थांबलं की रक्त फिरवणारं मशीन सांभाळणाऱ्या मशीनवाल्याला काही सांगायचं असेल तर त्यानं बोट वर करायचं. सरांच्या गुरूच्या थिएटरातही म्हणे असंच होतं. नवीन पोरी आल्या की धाकटीच त्यांना बजावायची, "इथं तोंडाला मास्क नुसता जंतूंसाठी नाही हं."

आणि त्याच नियमानं तिच्या मानगुटीवर पोस्टमन बसवला.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी एका पोस्टमनला हार्ट अ‍ॅटॅक आला. दुखणं त्यानं अंगावर काढलं आणि चौथ्या माळ्यापर्यंत पत्रं वाटत फिरला. अ‍ॅटॅकमध्ये हृदयाचा जो भाग मरतो तो सुरुवातीला मऊ पडतो, अगदी दुधात बुडवलेल्या पावासारखा. कधी कधी तो फाटतो. पोस्टमनच्या हृदयात डाव्या-उजव्या कप्प्यांच्या मधली भिंत फाटली. रक्त जायचं तिकडे न जाता भलतीकडेच जायला लागलं. सरांनी त्याच दिवशी त्याला टेबलावर घेतलं. भोकावर ठिगळ लावायचं आणि ठिगळ चहूबाजूंनी चांगल्या मांसाला शिवायचं, एवढंच काम. सांगायला एवढंच.

अर्धंअधिक ठिगळ शिवून झालं आणि धाकटीच्या बोटांत दोरा सैल पडला. अगदी थोडा. मासा गळाला लागून सुटतो तेव्हा दोरीला कळतं ना, तसा. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. सर पुढच्या टाक्यावर गेले होते. धाकटीनं तोंड उघडलं आणि मिटलं. टाके चालू होते.

पुढे थांबवलेलं हृदय परत चालू केलं तेव्हा तिथूनच फाटलं. मग शिवायला काही उरलंच नाही.

तेव्हाच बोलली असती तर वाचला असता का? कुणी सांगावं? सगळीच भिंत पाव झाली होती, कदाचित दुसरीकडून फाटलं असतं. पण हे 'कदाचित' फार वाईट. त्याला ना दार ना कुलूप, दादासुद्धा काय उघडणार! धाकटी गाऊनची नाडी बांधायला लागली की बोटांत तो सैलपणा यायचा. दोरीवर कपडे वाळत घालताना यायचा. आणि मग पोस्टमन दिसायला लागला. हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात, भर दुपारी, पायरीवर बसलेला. अंगावर रक्त नाही, चेहऱ्यावर राग नाही. मांडीवर पत्रांचा गठ्ठा, एकेक पत्र मागे टाकत निवांत बघत बसलेला, जणू गठ्ठ्यात तिच्या नावाचं एक आहे आणि ते सापडलं की तो मान वर करणार. धाकटी जिना सोडून लिफ्टनं जायला लागली. मग तो कपाटाजवळच्या खुर्चीत दिसायला लागला.

ती हे कुणाला बोलली नाही. जेवण मात्र कमी झालं. दादा म्हणायचा, "वाळून काडी झालीस. मोठ्या माणसांना कामाचा ताण असतोच म्हणा."

आता बेकरीवाल्याकडे येऊ. दादाच्या दुकानाला लागूनच त्याची बेकरी. दादाचा जिगरी दोस्त. पोट सुटलेलं, जीभ त्याहून सुटलेली. छातीत जळजळतंय म्हणून तो दोन-तीन दिवस सोडा पीत राहिला आणि भट्टीपुढून हलला नाही. मग एका सकाळी त्याला श्वास पुरेना. ओठ निळे, पायाला घाम. हॉस्पिटलात छातीला नळी लावल्यावर डॉक्टरला ठोक्याबरोबर फुस्स असा मोठा आवाज ऐकू आला. तीच भिंत, तसंच भोक. पोस्टमनचीच गत.

फरक एवढाच की या वेळी सर म्हणाले, थांबू. मांडीतून एक नळी वर नेली, तिच्या टोकाला फुगा. मशीन तो फुगा ठोक्यागणिक फुगवतं आणि सोडतं, दमलेल्या हृदयाला तेवढाच हातभार. फाटलेल्या कडा जरा घट्ट झाल्या की शिवायचं, तोवर असं तगवायचं. फक्त एकच गोम. तोवर माणूस टिकला पाहिजे.

इकडे दादानं काय केलं? बेकरीवाल्याची बायको दुकानात रडत आली, तेव्हा त्यानं छातीवर हात मारला. "वहिनी, डोळे पुसा आधी. धाकटी कशाला आहे? तिच्या शब्दाबाहेर तिथला डॉक्टर नाही. आजच्या आज टेबलावर घेतील." आणि दुकान बंद करून तिला घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं.

आयसीयूबाहेरच्या बाकावर धाकटी दोघांना भेटली. कलती दुपार, खिडकीतून ऊन बाकापर्यंत आलेलं.

वहिनी म्हणाली, "सिस्टर, भावजींनी शब्द दिलाय. आज होणार ना?"

धाकटीनं दादाकडे बघितलं. दादा भिंतीवरच्या आग विझवायच्या पेटीपाशी गेला. "काय फालतू कुलूप लावलंय," तो पुटपुटला. "टाचणीनं उघडेल."

"वहिनी, आज नको," धाकटी म्हणाली.

"नको? आत माझा माणूस माशासारखा तडफडतोय आणि नको? भोक पडलंय ना? मग बुजवा! की मोठ्या हॉस्पिटलात नेऊ मी? गाडी आणते आत्ता."

"गाडीत घातलंत तर वाटेतच जातील."

"म्हणजे इथं मरू द्यायचं!"

"ऐका माझं. ती भिंत आत्ता दुधात भिजवलेल्या पावासारखी आहे. टाका घातला तर—"

"पाव मला नका शिकवू. जन्म गेला माझा पावात. थांबलं तर ते टिकतील का, एवढं सांगा."

"ते मला माहीत नाही."

"मग माहीत काय आहे तुम्हाला?"

बाकाच्या त्या टोकाला, उन्हात, पोस्टमन बसला होता. पत्रं चाळत होता. धाकटी त्याच्याकडे न बघता बोलायला लागली. "आज केलं तर काय होतं ते माहीत आहे." आणि तिनं सगळं सांगितलं. पोस्टमन, दोरा, बोटांत पडलेला सैलपणा, उघडून मिटलेलं तोंड. हॉस्पिटलातली माणसं असलं बाहेर सांगत नाहीत. नोकरी जाईल अशी गोष्ट. दादाचं तोंड उघडंच राहिलं.

वहिनीचं रडं थांबलं होतं. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"हो."

"नियमच आहे तिथला तसा—" दादा मधे पडला.

"भावजी, तुम्ही बोलू नका. एकदा बोललात तेवढं पुरे झालं." ती धाकटीकडे वळली. "ठीक आहे. थांबते मी. पण उद्या ह्यांच्या वेळी तुमच्या बोटांना परत तसंच कळलं तर? तेव्हाही नियमच पाळणार का?"

"नाही."

"कोरडं नको. माझ्या हातावर हात ठेवून बोला."

वहिनीचा हात कणीक मळून मळून खरबरीत झालेला. त्यावर हात ठेवून धाकटी म्हणाली, "बोलेन."

बोलायला काय लागतं? उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या थिएटरात सरांपुढे टाके चालू असताना तोंड उघडायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालण्यासारखं.

मग वाट बघणं सुरू झालं. धाकटी कामावर आली की आधी बेकरीवाल्याच्या खाटेपाशी जायची. नळी घातलेला पाय त्यानं वाकवायचा नाही, कूस बदलायची नाही. बाजूला मशीन धप धप करतंय. श्वास लागायचा, तरी तोंड चालूच.

"सिस्टर, ह्या मशीनचा आवाज आमच्या पीठ मळायच्या मशीनसारखा आहे. झोपेत वाटतं पीठ जास्त झालं."

"बोलू नका. दम लागेल."

"एक सांगा. तुमचा दादा म्हणतो ऑपरेशन तुम्हीच करता."

"मी नुसता दोरा धरते."

"मग घट्ट धरा बरं का. आमच्याकडे पोतं शिवताना दोरा सैल सोडला की मैदा सगळा जमिनीवर." आणि हसता हसता त्याला ढास लागली. धाकटी हसली नाही. खाटेच्या पलीकडच्या खुर्चीत पोस्टमन होता आणि त्याच्या मांडीवरचा गठ्ठा पातळ होत चालला होता.

सरांना अजून थोडे दिवस हवे होते. मिळाले नाहीत. एका सकाळी लघवीच्या पिशवीत तळाशी जेमतेम काहीतरी साचलेलं, पाय गार, बोलणं बडबडीचं. बेकरीवाला बायकोला भट्टी विझवायला सांगत होता. सरांनी त्याच्या पावलाला हात लावला.

"आता थांबलो तर शिवायला माणूसच राहणार नाही," ते म्हणाले. "घ्या."

हात धुताना धाकटी सरांच्या शेजारच्या नळावर होती. आत्ताच सांगावं, असं तिच्या मनात आलं. सर कोपरापर्यंत फेस चोळत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. आणि काय सांगणार? माझ्या बोटांवर भूत बसलंय?

छाती उघडली. रक्त मशीनवर घेतलं, हृदय थांबवलं. सरांनी डाव्या कप्प्यात, मेलेल्या भागातूनच वाट केली. आत भोक दिसलं, कडा भुरकट. त्या पोस्टमनपेक्षा बऱ्या, पण चांगल्या म्हणण्यासारख्या नाहीत. ठिगळ वासराच्या हृदयावरच्या पातळ पिशवीचं असतं, पांढरं, कमावलेलं. सरांनी ते भोकापेक्षा कितीतरी मोठं कापलं. टाका भोकाच्या कडेला नाही घालायचा, लांब, जिवंत मांसात घालायचा. टाक्याखाली फेल्टच्या जाड कापडी पट्ट्या, म्हणजे दोरा मांसात रुतू नये. सुई आत, बाहेर. दोरा धाकटीच्या बोटांत. सगळं थिएटर चिडीचूप.

काही टाके झाले. आणि बोटांत सैलपणा आला.

नाडी बांधताना यायचा तोच. हा खरा की तो भुताचा, हे तिला कळेना. सरांची सुई पुढच्या टाक्याला टेकली.

"सैल!" धाकटी म्हणाली.

आवाज एवढा मोठा निघाला की भूलवाल्या मॅडम स्टुलावरून उठल्या. सरांची सुई जागच्या जागी थांबली. मास्कवरचे डोळे वर आले.

"कुठं?"

"मागचा टाका, सर."

सरांनी चिमट्यानं मागचा टाका उचलून बघितला. ओढून बघितला. परत बघितला.

"घट्ट आहे," सर म्हणाले.

धाकटीला वाटलं जमीन दुभंगावी. ओला दोरा हातमोज्यावरून घसरला होता, एवढंच. इकडे मशीनचा काटा पळतोय, एकेक क्षण बेकरीवाल्याच्या आयुष्यातून जातोय, आणि तिनं भुताच्या नादानं सरांचा हात थांबवला. आता ते म्हणणार, बाहेर जा.

सरांनी सुई टोचली, बाहेर काढली. डोळे कामावर ठेवूनच, हळू आवाजात विचारलं, "पोस्टमनच्या वेळी कळलं होतं तुला?"

आजपर्यंत या थिएटरात टाके चालू असताना कुणी प्रश्न विचारला नव्हता. सरांनीसुद्धा नाही.

"हो, सर."

एक टाका गेला. मग आणखी एक.

"मला नव्हतं कळलं," सर म्हणाले. "धर. आणि बोलत राहा. चुकलीस तरी चालेल."

मग धाकटी बोलत राहिली. प्रत्येक टाक्याला, "घट्ट. घट्ट. घट्ट." सुरुवातीला आवाज कापत होता, मग स्थिर झाला. थोड्या वेळानं काय झालं, हृदय धरून उभा राहिलेला असिस्टंट डॉक्टर, जो वर्षभरात तिथं शिंकला नव्हता, तो एकदम म्हणाला, "सर, माझ्या बाजूला कड पांढरी पडतेय." सरांनी वाकून बघितलं. खरंच दोरा रुतत चालला होता. त्यांनी तो टाका काढला, पट्टी सरकवली, आणखी लांबून मांस घेतलं. मशीनवाल्यानं बोट वर करायच्या ऐवजी तोंडानं वेळ सांगितली. मास्कआडची तोंडं सुटली म्हणा ना.

दादा ही गोष्ट सांगतो तेव्हा पांढरी कडसुद्धा धाकटीलाच दिसते. ते सोडून द्या.

हृदय चालू केलं. आधी नुसतं थरथरलं, मग एक ठोका, मग थांबून दुसरा. घशातून सोडलेल्या नळीनं पडद्यावर आतली भिंत दिसत होती. ठिगळ धरून होतं. फक्त खालच्या कोपऱ्यात एक बारीक रंगीत रेघ ठोक्यागणिक चमकत होती. थोडं रक्त अजून पलीकडे झिरपत होतं.

"गळतंय," भूलवाल्या मॅडम म्हणाल्या.

सर पडद्याकडे बघत राहिले. "परत उघडलं तर आहे तेही जाईल. राहू दे. एवढ्यावर माणूस जगतो."

वहिनीला धाकटीनंच सांगितलं. जगलेत, पण एक बारीक गळती राहिलीय. आपोआप बुजेल, किंवा तशीच राहील.

"आणि वाढली तर?"

धाकटीनं खोटं सांगितलं नाही. "वाढली तर आवाज मोठा होतो. कळतं."

"कुणाला कळतं?"

"ऐकणाऱ्याला."

वहिनीनं नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि ते बघणं धाकटीच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. जिन्यातला पोस्टमन तिथंच आहे अजून. पण त्याच्याकडे बघायला आता तिला सवड कुठे आहे?

बेकरीवाला परत गल्ल्यावर बसतो. वजन उचलत नाही, भट्टीपुढे जात नाही, बाकी जीभ होती तशीच. आणि धाकटी कामावर जाताना रोज बेकरीच्या दारात थांबते. पर्समधून छातीला लावायची नळी काढते. गिऱ्हाइकं बाजूला होतात, आता त्यांनाही माहीत झालंय.

"या, आल्या पोतं तपासायला," बेकरीवाला शर्टाचं बटण काढत म्हणतो. "अहो, पाव घेणाऱ्यांची रांग आधी होती."

"बोलू नका."

शेजारच्या दुकानातून दादाचा आवाज येत असतो, "बघा, बघा, डॉक्टर महिन्यातून एकदा ऐकतो. आमची धाकटी रोज!" वहिनीचा हात वजनकाट्यावर थांबलेला. ती नवऱ्याकडे बघत नाही, धाकटीच्या चेहऱ्याकडे बघते.

ठोका. ठोक्याच्या पाठोपाठ बारीकसा स्स. ठोका. स्स. मोठा झाला तर फाटलं. मधे दोन दिवस तो आवाज ऐकूच आला नाही, तेव्हा सर म्हणाले बुजलं असेल, छानच झालं. बुजलं की आपल्याच कानाला कळेनासं झालं, या धास्तीनं धाकटीनं त्या दोन दिवसांत घास गिळला नव्हता. तिसऱ्या दिवशी परत आला.

"आहे?" वहिनी विचारते.

"आहे."

"कालच्याएवढाच?"

"तेवढाच."

वहिनीचा हात हलतो. काट्यावर पाव पडतात, गिऱ्हाईक पुढे सरकतं.

"झालं असेल ऐकून तर दार सोडा की, सिस्टर," बेकरीवाला म्हणतो. "उजेड अडतोय."

धाकटी दारातून हलत नाही. ती नळी परत कानाला लावते.